गाभोळीचे दिवस आणि मिल लॅक्स सरोवर

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की माझे शेजारी आणि मी कुंपणापाशी उभे राहून एकाच विषयावर बोलत असतो : मिल लॅक्सवरचा बर्फ आता किती उरला असेल. ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि लहानपणापासून याच सरोवरावर मासे धरत आले आहेत. त्यांच्या होडीतील पेटीत एक जुनी वही असते आणि तिच्यात प्रत्येक वर्षाच्या तीनच नोंदी असतात : बर्फ कोणत्या दिवशी गेला, वारा कोणत्या दिशेचा होता आणि पहिला मासा किती फूट पाण्यात लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी मला प्रथम बरोबर नेले. त्यानंतर माझे वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंत जसे मोजले जाते, तसेच ते या सरोवराच्या बर्फापासून बर्फापर्यंतही मोजले जाऊ लागले.

मिल लॅक्स हे मिनिआपोलिसच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३२ हजार एकर, म्हणजे सुमारे ५३५ चौरस किलोमीटर. पण त्याची सर्वांत जास्त खोली मात्र ४२ फुटांच्या आसपास आहे. एवढे विस्तीर्ण आणि एवढे उथळ पाणी असल्यामुळे वारा सुटल्यावर अर्ध्या तासात लाटा अशा उठतात की लहान होडीने काठ गाठणे हेच शहाणपणाचे ठरते. दक्षिणेकडे पाण्याखाली गोट्यांचे आणि खडकांचे उंचवटे आहेत, उत्तरेकडे चिखलाची सपाट पठारे आहेत, आणि कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे सापडेल हे बरेचसे या दोन प्रकारच्या तळांवरच ठरते. सरोवरातून निघणारी रम नदी पुढे मिसिसिपीला मिळते.

इथला मानाचा मासा म्हणजे वॉलआय. १९६५ मध्ये तो मिनेसोटाचा राज्यमासा ठरला. अंगाने लांबट, पाठ हिरवट-सोनेरी, पोट पांढरे, तोंडात टोकदार दात आणि डोळे मोठे, काचेसारखे. त्या डोळ्यांच्या आत प्रकाश परतवणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसाच, आणि त्यामुळे त्याला अंधुक उजेडात इतर माशांपेक्षा कितीतरी चांगले दिसते. म्हणून तो पहाटे, संध्याकाळी, ढगाळ दिवशी किंवा वाऱ्याने पाणी खवळलेले असताना भक्ष्याला बाहेर पडतो. ऊन पडले आणि पाणी आरशासारखे स्थिर झाले, की अनुभवी माणसेसुद्धा होडी काठाला लावून जेवायला बसतात.

या माशाचा मोसम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो आणि मेच्या मध्याला एका शनिवारी पुन्हा उघडतो. मधल्या अडीच महिन्यांत, नेमके बर्फ जात असतानाच, पाण्याचे तापमान सहा ते दहा अंशांच्या दरम्यान येते आणि वॉलआयच्या माद्या रात्री उथळ, गोटे असलेल्या काठापाशी येऊन अंडी सोडतात. एक मोठी मादी लाखावर अंडी सोडू शकते. ती गोट्यांच्या फटींत पडतात, आणि आई-बाप दोघेही त्यांच्याकडे वळून न पाहता खोल पाण्यात निघून जातात. पुढचे दोन-तीन आठवडे ती अंडी केवळ नशिबावर असतात. उथळ पाण्यात दाटीने आलेल्या, हाताने धरता येतील अशा या माद्यांवर कोणी गळ टाकू नये, एवढाच या बंदीचा साधा अर्थ आहे.

हे प्रथम ऐकले तेव्हा मी जरा गप्प झालो, कारण माझे बालपण याच्या अगदी उलट गेले आहे. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावी मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की ओढे फुगतात, भातखाचरांतून पाणी खाली धावू लागते आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या विरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे म्हणून कोकणात त्यांचे केवढे कौतुक! त्या रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव ओढ्यावर असे. कोणी पाग टाकी, कोणी बांधाच्या तोंडाशी टोपली लावी, आम्ही मुले हातांनीच मळ्ये आणि शिंगट्या धरत असू. मासे गाभोळीने टच्च भरलेले असत, आणि तेच त्यांचे मोल होते. ते अंडी घालायला वर चढतात हे सर्वांना ठाऊक होते; पण ते ठाऊक असणे आणि त्यांना न धरणे यांचा काही संबंध असू शकतो, असे मला तरी कधी सुचले नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा दर्याला जातात, ही शिस्त आम्ही पाहत होतो. ओढ्याला मात्र ती कधी लागू झाली नाही.

मोसम उघडण्याचा शनिवार हा इथे सणासारखा असतो. १९४८ पासून राज्याचे गव्हर्नर दरवर्षी एखाद्या सरोवरावर जाऊन या दिवशी गळ टाकतात. दिवस उजाडण्याच्या आधीच होड्या पाण्यात उतरवण्याच्या उतारावर गाड्यांची रांग लागते. हवा शून्याच्या जवळपास असते, आणि बर्फ वेळेवर जाईलच अशी खात्रीही नसते. २०१३ साली मोसम उघडला तरी मिल लॅक्सच्या मोठ्या भागावर बर्फ तसाच होता. माझ्या पहिल्या शनिवारी आम्ही दक्षिणेकडच्या एका खडकाळ उंचवट्यावर, सात फूट पाण्यात थांबलो. दोरीच्या टोकाला जिग, म्हणजे शिशाचे वाटाण्याएवढे डोके असलेली गरी, आणि तिला बोटभर लांबीची जिवंत चंदेरी मासळी. ती गरी तळाला टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा टेकवायची, आणि या सगळ्याचा वेग थंड पाण्यातल्या माशाच्या आळसाशी जुळवायचा. जूनमध्ये पाणी ऊबदार झाले की मासळीची जागा जळवा घेतात. आमिषाच्या दुकानात त्या डझनावर विकत मिळतात, हे मी घरी कळवले तेव्हा आईला ते खरेच वाटले नाही.

वॉलआय गळाला हिसका देत नाही. दोरी जड झाल्यासारखी वाटते, जणू कोणी ओला रुमाल टोकाला अडकवला आहे, आणि तेवढ्यावरून ओळखावे लागते. त्या सकाळी दोन तासांनी मला ते पहिल्यांदा ओळखता आले. मासा वर आला तेव्हा सूर्य नुकताच निघाला होता, आणि त्याच्या कुशीवरचे सोने असे झळकले की थंडीने बधिर झालेली बोटे मी क्षणभर विसरलो. शेजाऱ्यांनी तो मोजपट्टीवर ठेवला, तोंडापासून मिटलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत. त्या वर्षी ठेवता येईल अशा मापात तो बसत नव्हता. त्यांनी मला हात ओले करायला सांगितले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. मी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, आणि त्याने शेपटी हलवून स्वतःहून जाईपर्यंत सोडला नाही.

इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे बंदी म्हणजे रक्षण हे माझे पहिले सोपे समीकरण मोडले. हे सरोवर आधी डकोटा आणि नंतर ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचे. ओजिब्वे भाषेत वॉलआयला ओगा म्हणतात. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकेच्या सरकारला जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने तो नाकारला, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने तो हक्क अजून जिवंत असल्याचे मान्य केले. त्यामुळे वसंतात, बाकीच्यांसाठी मोसम बंद असताना, ओजिब्वे लोक परवान्यानुसार जाळ्याने आणि भाल्याने वॉलआय धरतात. अंडी घालण्याच्या काळातच. काठावर काही माणसे यावर अजूनही कडवटपणे बोलतात. पण तिथे धरलेला मासा काठावर मोजला जातो आणि तो दरवर्षी आधी ठरलेल्या वाट्यातून वजा होतो. राज्याचा वाटाही असाच ठरतो, आणि त्यात आम्ही सोडून दिलेल्या पण गळाच्या जखमेने किंवा पाण्याच्या उष्णतेने नंतर मेलेल्या माशांचा अंदाजही धरला जातो. तो वाटा संपला म्हणून २०१५ मध्ये ३ ऑगस्टला, भर मोसमात, वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली. काठावरच्या खानावळी, होड्या भाड्याने देणारे, आमिष विकणारे, सगळ्यांच्या तोंडचा घास त्या दिवशी काढला गेला.

आणि अंडी कमी पडत होती असे नाही. पिल्ले भरपूर निपजत होती, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत जगत नव्हती. सरोवराचे पाणी गेल्या काही दशकांत निवळत गेले आहे. २००५ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले, जे पाण्यातला सूक्ष्म जीव गाळून खातात, आणि २००९ मध्ये काटेरी जलपिसू आली. पाणी जितके निवळ, तितकी अंधुक उजेडात जगणाऱ्या वॉलआयची जागा कमी. शिवाय लहान पिल्ले मोठ्या माशांच्या नजरेला सहज पडतात, आणि त्या मोठ्या माशांत मोठे वॉलआयही असतात. हे परके जीव दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून आम्ही होडी बाहेर काढल्यावर बुडाचे बूच उघडून सगळे पाणी काढतो आणि बूच उघडेच ठेवून घरी आणतो; तसा कायदाच आहे. शेजारी होडीच्या बुडावरून हात फिरवून नखाएवढा शिंपला चिकटला आहे का ते पाहतात. माझ्या मते मोसमाच्या तारखा पाळण्यापेक्षा हे दहा मिनिटांचे काम अधिक मोलाचे आहे.

हेच निवळ पाणी दुसऱ्या एका माशाला मानवले. स्मॉलमाउथ बॅस हा तांबूस-तपकिरी, आखूड आणि भरल्या अंगाचा मासा. तो डोळ्यांनी शिकार करतो आणि त्याला खडक आवडतात. वॉलआय घटत असताना मिल लॅक्समधला बॅस इतका वाढला आणि पोसला की देशभरातल्या बॅस धरणाऱ्यांचे लक्ष इकडे वळले आणि २०१६ व २०१७ मध्ये इथे व्यावसायिक बॅसच्या मोठ्या स्पर्धा झाल्या. तो गळाला लागतो तेव्हा काहीच ओळखावे लागत नाही. तो पाण्याबाहेर उडी मारतो, पुन्हा होडीखाली मुसंडी मारतो, आणि मनगट दुखायला लावतो. उत्तरेकडच्या थंड पाण्यात तो सावकाश वाढतो, वीस इंची बॅस दहा वर्षांहून मोठा असू शकतो. म्हणून इथले बहुतेक लोक तो परत सोडतात.

बॅसची वीण वॉलआयनंतर येते, मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये, पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेल्यावर. आणि ती वॉलआयच्या अगदी उलट असते. नर शेपटीने वाळू आणि खडी झाडून ताटासारखे गोल घरटे करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि मग तो नर अंड्यांवर पंखांनी वारा घालत, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जात, पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तिथेच राहतो. गेल्या जूनमध्ये एका बिनवाऱ्याच्या सकाळी आम्ही चार फूट पाण्यावरून वल्ह्याने चाललो होतो, तेव्हा मला असा एक नर सरळ खाली दिसला. होडीची सावली अंगावर आली तरी तो हलला नाही. मला त्या क्षणी आमच्या तळ्यातला मरळ आठवला : पृष्ठभागावर पिल्लांचा तांबडा घोळका आणि त्याखाली पहारा देणारी मोठी काळी सावली. त्या घोळक्यात गळ सोडला की मरळ हमखास धावून येतो, हे गावात लहान पोरालाही माहीत असते.

बॅसचेही तसेच आहे. घरट्यावरचा नर भुकेने आमिषाला तोंड लावत नाही, ते घरट्यापासून हाकलायला तोंड लावतो. त्याला वर काढून लगेच सोडले, तरी तेवढ्या मिनिटांत लहान मासे घरट्यात घुसून अंडी फस्त करतात. वॉलआयसाठी जे अडीच महिन्यांचे कुंपण कायद्याने घातले आहे, ते इथे गळ हातात असलेल्या माणसानेच घालायचे असते. शेजाऱ्यांनी रॉड होडीत आडवा ठेवला आणि वल्हे मारून आम्ही खोल पाण्यात आलो. दुपारपर्यंत आम्हाला दोन बॅस मिळाले, दोन्ही घरट्यांपासून दूर, खडकाच्या उतारावर.

खाण्याचे विचाराल, तर वॉलआयचे मांस पांढरे, पातळ पापुद्र्यांचे आणि जवळजवळ बिनवासाचे असते. दुसऱ्या एका सरोवरावर, जिथे नियम सैल आहेत, तिथून आम्ही चार मासे घरी आणले होते. शेजाऱ्यांनी ते मैद्याच्या पिठात बुडवून तळले. मी दुसऱ्या दिवशी हळद, तिखट आणि आगळ लावून रव्यात घोळवले. त्यांना ते फार आवडले. मला मात्र मासा आगळापुढे थोडा मवाळ पडल्यासारखा वाटला, त्याला आपल्या मळ्यांचा चिखलट ठसका नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. गावी रात्रभर पाऊस झाला होता, ओढा फुगला होता, आणि तो पुतण्याला घेऊन बत्तीने चढण बघायला गेला होता. पूर्वीसारखे मासे आता चढत नाहीत, असे तो म्हणाला. अर्धी टोपलीसुद्धा भरली नाही. मी त्याला घरट्यावर बसून राहिलेल्या त्या बॅसविषयी सांगितले, आणि तो शांतपणे ऐकत राहिला. मग मी विचारले की मळ्यांना गाभोळी होती का. होती, तो म्हणाला, आईने ती तव्यावर परतली. आजी ती तिरफळ ठेचून, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायची. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला त्या करपलेल्या पानाचा वास येत राहिला.