खिद्रापूरची वही : पान १४ ते १९

गेले दोन रविवार मिळून माझ्या चित्रवहीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाची सहा पानं झाली. पहाटेच्या एसटीने कुरुंदवाडमार्गे पोहोचलो, तेव्हा गाभाऱ्यात अभिषेक चालू होता. आधी दर्शन, मग वही. इथे लिंगं दोन: शंकराचं कोपेश्वर आणि विष्णूचं धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर शंकर कोपला, विष्णूने त्याची समजूत काढली, अशी कथा आहे. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली म्हणून इथे नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला. पहिल्यांदाच आराखडा काढणाऱ्यांनी नंदीमंडप शोधत बसू नये.

पान १४ ते १६ स्वर्गमंडपाला, म्हणजे देवळाच्या पुढच्या, वरून उघड्या मंडपाला दिली, आणि तरी ती कमीच पडली. एकूण ४८ खांब, त्यांतले आतल्या वर्तुळात १२. वर दगडाचे गोल थर एकेक करून आत सरकत येतात आणि साधारण १३ फुटांचं आभाळ मोकळं ठेवून थांबतात. त्याच्या बरोबर खाली रंगशिळा, म्हणजे जमिनीतली गोल शिळा. मी एकच खांब तळापासून घेतला, त्यालाच पावणेतीन तास गेले. घोटीव काळ्या दगडात आडव्या खाचा इतक्या नेमक्या उतरल्यात की माझ्या सगळ्यांत बारीक पेनाची रेघसुद्धा त्यांच्यापुढे जाड वाटते. शेवटी खाचांच्या कडा काढायच्या सोडल्या आणि फक्त सावल्या भरल्या. खांब लगेच गोल दिसायला लागला! सकाळचं ऊन वरच्या झरोक्यातून पश्चिमेकडच्या खांबांवर पडतं, मग हळूहळू खाली रंगशिळेकडे उतरतं; सावल्या धरायच्या तर दहाच्या आत बसा.

पान १७ रद्द. गजथरातला, म्हणजे देवळाच्या पायाशी कोरलेल्या हत्तींच्या रांगेतला, एक हत्ती काढताना त्याची तुटलेली सोंड मी मनाने पुरी केली. दुपारी पान समोर धरून पाहिलं तर तो हत्ती कुठल्याही देवळातला वाटत होता. पान १८ वर तोच परत काढला. सोंड जिथे तुटली आहे तिथे दगडाचा खरखरीत, फिकट पोत ठिपक्यांनी दाखवला, आणि गळ्यातल्या घंटेची साखळी कडी न् कडी मोजून घेतली. सहा पानांत मला हेच सगळ्यांत जमलंय. इथून पुढे जे शिल्लक आहे तेवढंच काढणार.

पान १९ वर दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा देवनागरी शिलालेख. देऊळ त्याआधीच्या शिलाहार राजांच्या काळातलं; लेखात देवाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. अक्षरांच्या पहिल्या दोन ओळीच झाल्या. आत दुपारची घंटा वाजली, पुजारीकाकांनी प्रसाद हातावर ठेवला, आणि तेलकट बोटांनी वही उघडायची नाही म्हणून तिथेच थांबलो.

आता सभामंडपाची जाळी. तिथे उजेड फार कमी आहे. अंधारात काळ्या दगडाचा पोत कुणी पेन्सिलीने पकडला असेल तर कुठली पेन्सिल वापरली ते जरूर सांगा. कार्तिकी पौर्णिमेला परत जातोय, त्या रात्री चंद्र झरोक्यावर येतो तेव्हा रंगशिळेवरचा उजेड काढायचा आहे.