आंब्याखालचं लॉन मोडलं, त्याची आठ महिन्यांची नोंद

तीन वर्षं मी आंब्याखाली लॉन जगवायचा खटाटोप केला. दोनदा नव्याने रोपलं, खत टाकलं, माती वाफशावर, म्हणजे ना ओली ना कोरडी असताना, बागेच्या काट्याने भोकं पाडली. दर वेळी दोन महिने बरं दिसायचं, मग हरळी लांबुळकी, फिकट, विरळ, आणि मधे शेवाळलेली घट्ट जमीन. शेवटी एका सुट्टीला दर तासाला बाहेर जाऊन कागदावर ऊन मांडलं. खोडाच्या बाजूला थेट ऊन सव्वा तास, बाकी नुसते कवडसे. हरळीला सहा-सात तास तरी लागतं. हे मोजायला मला तीन वर्षं लागली, असो.

तेव्हा ठरवलं, आता झाडाच्या कलाने घ्यायचं. खालची जागा रानासारखी करायची.

खणून गवत काढायचा मोह आवरला. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात, कुदळ घातली की तीच तुटतात. गवत अगदी तळाशी कापलं, भरपूर भिजवलं, उजेड तुटून ते मरावं म्हणून वर साधे तपकिरी पुठ्ठे अंथरले. चिकटपट्टी, पिना काढून, कडा एकमेकींवर वीतभर चढवून. घराच्या भिंतीपासून मात्र तीन फूट जागा सोडली, कारण पुठ्ठा आणि वाळवी यांचं सख्य सगळ्यांना ठाऊक आहे.

वर पालापाचोळा. इथे एक धडा मिळाला. आंब्याची पानं चिवट, अख्खी टाकली तर कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी वरून घसरून जातं. म्हणून लॉनमोवर काढला आणि वाळक्या पानांवरून चार फेऱ्या मारल्या. मस्त चुरा झाला. ज्या यंत्राने गवत जपलं त्यानेच त्याचं पांघरूण केलं! थर तीन-चार इंच, खोडाभोवती फूटभर मोकळं. साल सतत ओली राहिली की कुजते.

दोन महिन्यांनी लावणी सुरू केली. मोठ्या कुंडीतली रोपं मुद्दाम टाळली, लहान पिशवीतली घेतली. खड्डा लहान, मुळांना इजा कमी. पुठ्ठ्याला छेद द्यायचा, खुरप्याने चाचपायचं, जाड मूळ लागलं की वीतभर सरकायचं. त्यामुळे रांगा वगैरे काही जमल्या नाहीत, आणि तेच बरं दिसतंय. नेफ्रोलेपिस हा नेचा, स्पायडर प्लांट, पीस लिली, भुईचाफ्याचे चार कंद, आणि माझा लाडका हंसराज, हाही नाजूक पानांचा नेचाच, त्याची नऊ रोपं.

नऊपैकी सहा हंसराज तीन आठवड्यांत गेले. काळ्या तारेसारखे देठ तसेच उभे, पानं मात्र चुरगळलेल्या कागदासारखी. मी तर रोज पाणी देत होते! बोट खुपसलं तेव्हा कळलं. वरचा पाचोळा ओलागच्च, त्याखाली दोन इंचांवर माती कोरडी भुगा. झारीचं थोडंथोडं पाणी पाचोळाच पिऊन टाकत होता आणि उरलंसुरलं आंबा. आता पाचोळा बाजूला सारून रोपाच्या बुडाशी सावकाश पाणी देते, आठवड्यातून दोनदा, पण मुरेपर्यंत. सावली म्हणजे ओलावा, हा माझा गैरसमज होता. उरलेले तीन हंसराज नळाजवळच्या सखल जागी हलवले, तिथे खूश आहेत. मेलेल्यांचे देठ कापून मुळं जमिनीत तशीच ठेवली होती, त्यातल्या एकाला मागच्या आठवड्यात गुंडाळी केलेला नखाएवढा कोंब दिसला.

पाचव्या महिन्यात एका कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून पाहिला. ओल्या पापडासारखा हातात फाटला. खाली बुरशीचे पांढरे धागे, गांडुळांची विष्ठा, हरळीच्या जागी पिवळे दोरे. पण उन्हाकडच्या कडेला हरळीने फट शोधलीच. तिथे दर रविवारी खुरपं घेऊन बसावं लागतं.

पायवाट आखली नाही. जिथून आम्ही नेहमी चालायचो तिथली माती आधीच दबलेली होती, तिथेच लाकडाचा जाड भुसा टाकला. मोडून पडलेली एक फांदी वाटेकडेला आडवी ठेवली आहे, तिच्याखाली वाणी आणि गोगलगायी राहायला आल्यात. गोगलगायी पीस लिलीची पानं कुरतडतात, रात्री टॉर्च घेऊन वेचते.

सिंगोनियम हा वेल लावू नका, निदान मोकळ्या जमिनीत तरी. मी हौसेने दोन लावले, काही महिन्यांतच एक खोडावर माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत चढला. ओढून काढला, तुकडा राहिला, तो पुन्हा फुटला.

भुईचाफ्याचे कंद कुजले असं समजून मी ती जागा दुसऱ्या रोपांना देणार होते. परवा पाचोळा सारला तर पान नाही, देठ नाही, जमिनीलगत थेट फूल, पांढरं, खालची पाकळी जांभळी. त्याची पानं फुलांनंतर येतात हे मी विसरले होते. एवढ्यात तिथे खुरपं लावणार नाही. पुढच्या महिन्यात नेफ्रोलेपिसचे धावते फुटवे वेगळे करून उरलेल्या कोपऱ्यात न्यायचे आहेत, आणि पाचोळ्याचा थर बसलाय, तो पुन्हा भरायचा आहे.