तीन आठवडे टिकलेला पंप

नाशिकच्या अंबडमधल्या एका पावडर कोटिंगवाल्या (धातूवर रंगाची पावडर ओव्हनमध्ये भाजून बसवणाऱ्या) शेठचा फोन आला तेव्हा मी पाथर्डी फाट्यावर मिसळ खात होतो. "भाऊ, ओव्हनमध्ये धडाम झालं. तुम्हीच या." त्या 'तुम्हीच'मधली मेख मला कळली. ओव्हन तापवणाऱ्या बर्नरचा डिझेल पंप तीन आठवड्यांपूर्वी मीच दुरुस्त केला होता.

जाऊन पाहतो तर फायरबॉक्सचं दार उघडं पडलेलं, बघायची काच तडकलेली आणि शेजारी गार व्हायला टांगलेले पांढरे पॅनल काजळीनं माखलेले. लागलं कुणाला नव्हतं, नशीब. ऑपरेटर मामा कोपऱ्यात गप्प बसले होते. "रिसेट कितीदा दाबलं?" म्हटल्यावर त्यांनी चार बोटं दाखवली.

आता मामांना काय बोलणार? ज्वाळा दिसली नाही की फोटोसेल बर्नर बंद पाडतो, पण तोवर नोझलमधून काही सेकंद डिझेल उडालेलं असतं. ते आतच राहतं. पुन्हा दाबलं की आणखी थोडं. चौथ्यांदा ठिणगी लागली आणि साठलेलं सगळं एकदम पेटलं. तरी ज्वाळा मुळात का धरत नव्हती, याचं उत्तर मामांकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

चिंध्यांनी आतलं डिझेल टिपलं, बराच वेळ ब्लोअर फिरवला, मग पंपाला गेज लावून बर्नर चालू केला. काटा 12 बारवर. शेठ म्हणाले, "दाब तर बरोबर आहे की!" खरं सांगतो, क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण म्हटलं, चालू राहू दे अर्धा तास.

त्यांची डिझेलची छोटी टाकी ओव्हनला खेटूनच आहे, आणि पंपात जास्तीचं झालेलं डिझेल परत त्याच टाकीत येतं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी ते जरा दाट असतं, म्हणून झिजलेला पंपही निभावून नेतो. दुपारपर्यंत ते गरम होऊन पातळ होतं आणि पंपातल्या गिअरच्या फटीतून मागे गळायला लागतं. काटा 11 वर आला, मग 9. शेवटी 7. दाबाचा स्क्रू पार आत घातला तरी हलेना. एवढ्या कमी दाबावर नोझलमधून धुकं निघत नाही, जाड थेंब पडतात. ते पेटणार कसे?

पंप खोलला. मागच्या वेळी मी काचेवर घासायची पेस्ट लावून पंपाचं झाकण आरशासारखं घासलं होतं, नवं ऑईल सील टाकलं होतं. झाकण अजून चकचकीतच होतं. पण गिअरच्या तोंडावर आणि बॉडीच्या आत चरे होते, बोट फिरवलं की नख अडकायचं. ते तेव्हाही अडकलं होतं. शेठना नव्या पंपाचा खर्च नको होता, मला गिऱ्हाईक नाराज करायचं नव्हतं, आणि मी झाकण लावून टाकलं.

सील गळत असेल, जाळी तुंबली असेल, कपलिंग तुटलं असेल तर मी आजही पंप आनंदानं दुरुस्त करतो. तासाभराचं काम, खर्चही किरकोळ. पण गिअर आणि बॉडीमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते. धातू एकदा झिजला की पेस्टनं तो परत येत नाही, उलट आणखी थोडा जातो.

टाकीचा खालचा कॉक उघडला तर आधी पाणी आलं, मग तांबूस गाळ. हा कॉक कधी उघडला होता, कुणालाच आठवेना. टाकी धुऊन फिल्टर बदलल्याशिवाय नवा पंप बसवणार नाही म्हटल्यावर शेठ चिडले, दिवस वाया जाणार म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा पंप लावला आणि संध्याकाळपर्यंत गेजसमोर बसून राहिलो. काटा 12 वर.

मागच्या दुरुस्तीचे पैसे शेठनी बिलातून कापले. मी बोललो नाही. "जुना पंप स्टँडबायला राहू द्या," म्हणाले. राहू दिला. त्यातला एक गिअर मात्र तोवर माझ्या खिशात होता.