बेलापूर–उरण सायकलने: दुभाजकातल्या झाडांवर विसंबू नका

“सगळ्या रस्त्याला झाडी आहे, वाऱ्याचा त्रास होणार नाही,” असे आमच्या गटातील एका अनुभवी सायकलस्वाराने खात्रीने सांगितले होते, म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी मी नवी मुंबईतल्या बेलापूरहून उरणला निघालो. झाडी खरोखरच आहे, परंतु ती दुभाजकात आहे, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे परतीचा प्रवास धोक्याचा ठरला. सकाळचे जाणे सुखाचे झाले.

दुपारी दोनच्या सुमारास गव्हाण फाटा सोडून उलव्याकडे निघालो, तेव्हा खारे वारे जोरात सुटले होते. उन्हाळ्यात ते दुपारी पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. उत्तरेकडे परतणाऱ्याला ते डाव्या अंगाने ढकलत थेट कंटेनरच्या ट्रेलरकडे नेतात. डावीकडे वाळूचा मोकळा भराव होता, त्यावर गवताची काडीही नव्हती. वाळूचा कण फार उंच उडत नाही. तो जमिनीलगत उड्या घेत सरकतो आणि वारा मंदावताच खाली बसतो. इथे तो रस्ता ओलांडून दुभाजकातल्या कण्हेरीपर्यंत जात होता आणि तिथे अडून बसत होता. कण्हेरीच्या बुंध्याशी हातभर रुंद, बोटाच्या पेराएवढा जाड थर साचला होता, आणि प्रत्येक ट्रेलर तो पुन्हा रस्ताभर पसरवीत होता. त्याच वाळूत माझे पुढचे चाक घसरले आणि कोपर सोलवटले. मागून येणारा ट्रेलर वेळेवर थांबला म्हणून हे लिहितो आहे. पुढे एका टेम्पोवाल्याने जेमतेम पाच किलोमीटरसाठी सातशे रुपये घेतले. चारशेच्या वर कोणी देऊ नये.

टेम्पोतून उतरलो तिथे रस्त्याच्या पश्चिमेला, कडेपासून बरीच आत, सुरू, करंज आणि भेंडीच्या जुन्या झाडांच्या तीन ओळी होत्या. त्यांच्या आडोशाला डांबर स्वच्छ होते आणि वाळूचा ढीग ओळींच्या पलीकडेच अडला होता. केळीच्या बागेभोवती शेवरी लावणारा शेतकरी हेच करतो: वारा अंगावर येण्याआधीच त्याचा जोर मोडतो. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा चांगला मंदावतो, म्हणजे आठ मीटर उंच झाडांमागे सुमारे ऐंशी मीटर. झाडांचा हा पट्टा भिंतीसारखा गच्च नको, कारण त्यामागे भोवरे उठतात. निम्मा वारा गाळून जाऊ देणारा पट्टा अधिक चांगला. मात्र ओळीत वाटेसाठी खिंड असेल तर वारा तिथून दुप्पट आवेशाने घुसल्यासारखा वाटतो. अशा खिंडीपाशी दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवा.

चीनमध्ये तक्लामाकान वाळवंटातून जाणाऱ्या महामार्गालगत ठिबक सिंचनावर ४३६ किलोमीटरचा असा पट्टा जगवला आहे. आपल्याकडे तर पाऊस आहे. भराव आहे तोवर पश्चिमेच्या कडेला पावसाळ्यात अशी झाडे लावून पहिले दोन-तीन उन्हाळे टँकरने पाणी दिले, तरी ही झाडे तग धरतील. दुभाजकातली शोभेची झाडे हे काम करू शकत नाहीत, उलट वाळू रस्त्यावरच धरून ठेवतात.

तोवर उरणहून सकाळी दहाच्या आत परत निघा. उशीर झाला तर सूर्यास्तापर्यंत थांबा आणि मागचा दिवा लावूनच निघा. केवळ उरण पाहायचे असेल, तर जानेवारी २०२४ पासून तिथपर्यंत लोकल जाते. सायकल घरी ठेवा.