तुम्ही विचारलेत म्हणून: हिरव्या ठिपक्यामागचा आकडा

‘तुम्हा नर्सेसचा एआयवर विश्वास का नाही?’ हा प्रश्न मला हिंजवडीत नोकरी करणारा भाचा विचारतो, प्रशिक्षण द्यायला येणारी कंपनीची मुले विचारतात आणि आता रुग्णांचे नातेवाईकही विचारू लागले आहेत. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते: नर्सेसना संगणक झेपत नाही, नाहीतर त्यांना नोकरी जाण्याची धास्ती आहे. पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत चोवीस वर्षे काढल्यावर या दोन्ही उत्तरांचा मला उबग आला आहे. खरे उत्तर मात्र माझ्याच अंगाशी येणारे असल्यामुळे मी आजवर ते कोणाला दिले नाही.

आमच्या वॉर्डात टॅबवर प्रत्येक रुग्णाची नाडी, रक्तदाब, तापमान, सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण), श्वासांचा वेग आणि शुद्धीची स्थिती भरावी लागते. त्यावरून एआय प्रणाली कोणाची प्रकृती ढासळेल याचा अंदाज बांधते आणि नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दाखवते. यातले पहिले चार आकडे उपकरण देते. श्वास मात्र खाटेशेजारी मिनिटभर उभे राहून, छातीकडे पाहत मोजावे लागतात, आणि रात्रपाळीत दोघींच्या वाट्याला सव्वीस रुग्ण असतात तेव्हा ते मिनिट कुठून काढायचे हे कोणी शिकवलेले नाही. म्हणून आम्ही 18 लिहितो, किंवा 20. कोणत्याही वॉर्डाचे जुने तक्ते उघडून पाहा. सगळे रुग्ण एकाच लयीत श्वास घेताना आढळतील.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे दाखल झालेल्या, मधुमेह असलेल्या एक आजी माझ्याकडे होत्या. रात्री दोनला मी त्यांच्या नावापुढे श्वास 18 भरले आणि शुद्धीच्या रकान्यात आधीच निवडून ठेवलेले ‘सजग’ तसेच राहू दिले. ठिपका हिरवा राहिला. थोड्या वेळाने त्यांची मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘सिस्टर, आई मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते आहे. ती अशी कधी बोलत नाही.’ मी उठलेही नाही. टॅब तिच्याकडे वळवून म्हणाले, ‘हे बघा, सगळे व्यवस्थित आहे. झोपमोड झाली की वयस्कर माणसांना असे होते.’ ती बिचारी ‘सॉरी’ म्हणून परत गेली. ते ‘सॉरी’ मला अजून ऐकू येते. पहाटे पाचला मी खाटेपाशी गेले तेव्हा हातपाय गार होते, रक्तदाब 84 होता आणि त्या रात्रीत प्रथमच मी घड्याळ लावून मोजलेले श्वास 28 भरले. त्यांना आयसीयूत हलवले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्या तीन तासांनी काय बदलले असते, हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नाहीत, आणि या वाक्याचा आधार मी बरेच दिवस घेतला. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारलेली, ढासळणारा रुग्ण वेळीच ओळखण्यासाठीची न्यूज-2 ही गुणपद्धती मला तोंडपाठ होती. तिच्यात श्वास 12 ते 20 असतील तर शून्य गुण, 25 किंवा अधिक असतील तर 3, आणि रुग्ण नव्याने असंबद्ध बोलू लागला तर आणखी 3. बेरीज 5 झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. म्हणजे त्या मुलीचे एक वाक्य तीन गुणांचे होते आणि मी ते टॅब दाखवून परत पाठवले. चौकशीत नोंदी बिनचूक ठरल्या. आठवड्याने मी मेट्रन मॅडमना खरे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘हे आता कुठे लिहून ठेवू नकोस.’

याच्या आधी मीच बैठकांमध्ये तावातावाने सांगत असे की मशीनला काय कळते, शेवटी माणूसच लागतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये, अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात असलेल्या, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था) आधीच ओळखू पाहणाऱ्या प्रणालीची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्यांच्या रुग्णालयात तिने सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण ओळखलेच नव्हते आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी 18 टक्क्यांच्या बाबतीत धोक्याची सूचना दिली होती. हे आकडे मी व्यवस्थापनाला अनेकदा ऐकवले आहेत, आणि ते खरेच आहेत. पण त्या रात्री प्रणाली चुकली नव्हती. खोट्या आकड्याला तिने योग्य उत्तर दिले होते, आणि जो माणूस लागतो म्हणून मी भांडत होते तो तिथेच खुर्चीत बसलेला होता. मग मशीन नसते तर मी उठले असते का? कधी वाटते, नक्की उठले असते, कारण हिरव्या ठिपक्याने मला न उठण्याची परवानगी दिली. कधी वाटते, ही निव्वळ पळवाट आहे, कारण कागदी तक्त्यांच्या काळातही मी 20 लिहीतच होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अशा प्रणालींवर माणसाची देखरेख असावी. तत्त्व मला मान्य आहे, पण तो माणूस म्हणजे पहाटे तीन वाजताची मी आहे, हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते का? कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने तर नर्स नोंदी किती वेळा आणि कोणत्या वेळी करते यावरून तिची काळजी ओळखणारी प्रणाली बनवली आहे, आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत मृत्यूचा धोका एक तृतीयांशाहून अधिक घटलेला दिसला. वाचून मला आनंद झाला आणि लगेच हसूही आले, कारण आमच्या बऱ्याचशा नोंदी पाळी संपता संपता एकगठ्ठा भरल्या जातात. ती प्रणाली इथे आणली तर पुण्यातल्या नर्सेसना फक्त पहाटे पावणेसातला काळजी वाटते, असा तिचा समज होईल.

त्या घटनेनंतर मी नव्या मुलींना पूर्ण मिनिट मोजायला लावते आणि मोजले नसेल तर रकाना रिकामा सोडा असे सांगते. अडचण अशी की टॅब रिकामा रकाना स्वीकारत नाही. आकडा घातल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. ‘मोजले नाही’ असा एक पर्याय द्यावा, असा अर्ज आम्ही केला आहे. भाचा म्हणतो, ‘मावशी, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.’ अर्जाला सात महिने झाले. गेल्या मंगळवारी पहाटे एकाच वेळी तीन रुग्ण बिघडले तेव्हा सतरा नंबरच्या खाटेसमोर मी पुन्हा 20 भरले.