चार ॲप एका प्रोजेक्टमध्ये, पाचवं मात्र वेगळं: फायरबेसच्या फुकट प्लॅनवरची नोंद

सद्यस्थिती: सोलापूरच्या अडुसष्ट शिवलिंगांचा नकाशा, उजनी धरणाचा पाणीसाठा, तापमान-पाऊस आणि चादरीच्या नक्षीचा ग्राफ काढायचं टूल ही चार ॲप फायरबेसच्या (साइट आणि डेटाबेस चालवणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) एकाच प्रोजेक्टमध्ये आली आहेत. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वज मिरवणुकीचं ॲप अजून एमुलेटरवर, म्हणजे आपल्याच मशीनवरच्या फायरबेसच्या नकलेवर, चालतंय. त्याला वेगळा प्रोजेक्ट द्यायचं ठरलं आहे, कारण खाली येईलच. सगळं काम स्पार्क या फुकट प्लॅनवर आहे, कार्ड कुठेही जोडलेलं नाही.

आधी मर्यादा नेमकी कशावर आहे ते पाहू, कारण इथेच गल्लत होते. ‘नवीन ॲप काढता येत नाही’ असं आपण म्हणतो, पण अडलेलं असतं ते प्रोजेक्ट काढणं. स्पार्कवर एका गूगल खात्याला साधारण ५ ते १० प्रोजेक्ट मिळतात. एका प्रोजेक्टमध्ये मात्र ३० ॲप नोंदवता येतात आणि होस्टिंगच्या ३६ साइट चालवता येतात. प्रोजेक्ट मोजून मिळतात, साइट सढळ हाताने. तरी प्रत्येक छोट्या कल्पनेला नवा प्रोजेक्ट काढायची सवय सगळ्यांना असते, आणि वर प्रत्येकाचा एक ‘टेस्ट’ जुळा.

प्रोजेक्ट कुठे मुरलेत ते फायरबेस कन्सोलमध्ये पूर्ण दिसत नाही. फायरबेसचा प्रत्येक प्रोजेक्ट हा मुळात गूगल क्लाउडचाच प्रोजेक्ट असतो, म्हणून यादी क्लाउड कन्सोलमध्ये पाहायची. मॅप्सची की काढताना, कुठलातरी एपीआय चालू करून बघताना तयार झालेले प्रोजेक्ट तिथे सापडतात. नको ते शट डाउन करायचे, पण जागा लगेच मोकळी होईल या भ्रमात राहू नये. प्रोजेक्ट पूर्ण पुसला जायला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर तो कोट्यात धरला जातो. फायदा एवढाच की त्या मुदतीत चुकून उडवलेला परत आणता येतो. पुसलेल्या प्रोजेक्टचा आयडी पुन्हा कोणालाही मिळत नाही, त्यामुळे ‘तेच नाव, नवा प्रोजेक्ट’ हा बेत आखूच नका. आयडी ६ ते ३० अक्षरांचा, सुरुवात इंग्रजी अक्षराने, शेवटी जोडरेघ चालत नाही.

कोटा वाढवून मागण्याचा फॉर्म आहे. पण आठ प्रोजेक्टपैकी चार जुळे असताना तो भरण्यात अर्थ नाही. दुसऱ्या जीमेलवरून आणखी प्रोजेक्ट काढण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. कोणत्या खात्याखाली काय आहे याचा हिशेब वर्षभरात कोणालाच राहत नाही.

जुळे काढून टाकायला दोन गोष्टी पुरतात. पहिली, एमुलेटर. प्रोजेक्ट आयडी ‘डेमो-’ ने सुरू केला तर खरा प्रोजेक्ट लागतच नाही, सगळं आपल्याच मशीनवर चालतं. नोड आणि जावा दोन्ही बसवलेलं हवं, जावा जुनं असेल तर फायरस्टोर या डेटाबेसचा एमुलेटर उठतच नाही. बंद केल्यावर त्यातला डेटा जातो, म्हणून ‘एक्स्पोर्ट ऑन एक्झिट’ आणि पुढच्या वेळी ‘इम्पोर्ट’ हे दोन्ही पर्याय द्यायचे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली तर ‘एक्झिट’ घडतच नाही. डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी मधूनमधून ‘एमुलेटर्स एक्स्पोर्ट’ हाताने चालवावं. दुसरी गोष्ट, प्रिव्ह्यू चॅनल. होस्टिंगच्या साइटला तात्पुरता वेगळा पत्ता मिळतो, काही सांगितलं नाही तर ७ दिवसांत तो आपोआप संपतो, जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतो. मेख अशी की प्रिव्ह्यूमधलं पान खऱ्याच डेटाबेसशी बोलतं. तिथून ‘पुसा’ बटण दाबलं तर खरी नोंद पुसली जाते.

आता एका प्रोजेक्टमध्ये अनेक साइट कशा बसवायच्या ते. ‘होस्टिंग साइट्स क्रिएट’ कमांडने साइट काढायची. तिचं नाव हाच पत्ता होतो, म्हणून ते जगात एकमेव हवं. मग ‘टार्गेट अप्लाय’ने तिला छोटं टोपणनाव द्यायचं: लिंग, उजनी, हवा, नक्षी अशा अर्थाचं. ही टोपणनावं ‘डॉट फायरबेसआरसी’ फाइलमध्ये जातात आणि ती फाइल गिटमध्ये राहिली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर टार्गेट सापडत नाही. ‘फायरबेस डॉट जेसन’मध्ये होस्टिंगचा एकच ऑब्जेक्ट असतो, त्याचा ॲरे करून प्रत्येक टार्गेटला स्वतःचा ‘पब्लिक’ फोल्डर द्यायचा. डिप्लॉय करताना ‘ओन्ली’ लावून एकाच टार्गेटचं नाव द्या. नुसतं ‘डिप्लॉय’ म्हटलं की चारही साइट आणि सोबत रूल्सही (डेटाबेसमध्ये कोणी काय वाचावं-लिहावं याचे नियम) जातात. मूळ डीफॉल्ट साइट पुसता येत नाही आणि पुसलेल्या इतर साइटचं नाव परत मिळत नाही. लॉगिन वापरणाऱ्या साइटचा पत्ता ऑथेंटिकेशनमधल्या मान्य डोमेनच्या यादीत आहे ना, तेही पाहून घ्या.

रूल्सचा घोळ सगळ्यात त्रासदायक. एका डेटाबेसला रूल्सची एकच फाइल असते. चार जुन्या रेपोंत (कोडच्या गिट फोल्डरांत) चार फाइली पडून असतील तर जो शेवटी डिप्लॉय करेल त्याचे रूल्स उरतात, बाकी तिन्ही ॲपना ‘परमिशन डिनाइड’ मिळतं आणि आपल्या कोडमध्ये काहीच बदललेलं नसल्याने चूक शोधायला वेळ जातो. उपाय साधा: रूल्स आणि इंडेक्स एकाच रेपोत, बाकीच्या रेपोंतल्या ‘फायरबेस डॉट जेसन’मधून फायरस्टोरचा भाग काढून टाकायचा.

रूल्स एकत्र करताना उजनीवाला नियम नीट बघा. टक्केवारी शून्याखाली जाऊ नये अशी अट घालण्याचा मोह होतो, पण उजनी उन्हाळ्यात उणेत जाते हे सोलापूरकराला सांगायला नको. मृतसाठा ६३.६६ टीएमसी, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. एकूण साठ्यातून मृतसाठा वजा करून उपयुक्त साठ्याने भागायचं. एकूण ५० टीएमसी पाणी असेल तर उत्तर उणे २५.५ टक्के. धरण पूर्ण कोरडं पडलं असं धरलं तरी उणे ११८.८. म्हणून नियमात खालची हद्द उणे ११९ ठेवली आहे. वरची १०० ठेवू नका, पावसाळ्यात आकडा शंभरापुढे जातो.

एकत्र येण्याची किंमत इथून पुढे कळते. फायरस्टोरचा फुकट कोटा प्रोजेक्टला मिळतो, ॲपला नाही: दिवसाला ५०,००० रीड (एक डॉक्युमेंट, म्हणजे एक नोंद, वाचली की एक रीड), २०,००० राइट, २०,००० डिलीट, आणि फुकटचा डेटाबेस एकच. आधी प्रत्येक ॲपकडे स्वतःचे ५०,००० होते, आता चौघांत मिळून तेवढेच. त्यामुळे हलवाहलवीपेक्षा जास्त काम रीड कमी करण्यातच गेलं.

लिंगांच्या नकाशात प्रत्येक लिंगाचा एक डॉक्युमेंट होता. एक माणूस पान उघडतो, ६८ रीड जातात. ५०,००० भागिले ६८, म्हणजे ७३५ माणसांनंतर नकाशा कोरा. संक्रांतीच्या सुमारास, तैलाभिषेकाच्या दिवशी, हा आकडा काहीच नाही. लिंगांच्या जागा रोज बदलत नसतात, तेव्हा ती माहिती डेटाबेसमध्ये असण्याचं कारणच नव्हतं. आता ती एका जेसन फाइलमध्ये होस्टिंगवर आहे, रीड शून्य. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट खातं. प्रत्येकी ३०० चिन्हं धरली तर फाइल ६१ केबीच्या आसपास, आणि होस्टिंग ती दाबूनच पाठवतं.

पण मग होस्टिंगची मर्यादा समोर येते, दिवसाला ३६० एमबी. फोटो १५० केबीचे ठेवले आणि सगळे एकदम उघडले तर एका भेटीत १०.२ एमबी जातात. पस्तीस माणसांत दिवस संपला! फोटो आता वेबपीमध्ये छोटे केलेत आणि नकाशावरच्या खुणेवर बोट ठेवल्यावरच येतात. पहिलं पान २४० केबीत बसलं तर १,५०० भेटी निघतात. नकाशाचे तुकडे ओपनस्ट्रीटमॅपवरून येत असल्याने ते यात धरले जात नाहीत, मात्र त्यांचं श्रेय पानावर दाखवणं बंधनकारक आहे. नक्षीचं टूल पूर्ण ब्राउझरमध्येच चालतं, त्याला डेटाबेसची गरजच नाही.

तापमान-पावसाच्या ॲपला नोंदी पाठवणाऱ्या मोजणी-पेट्यांत राइटचा प्रश्न. दर मिनिटाला नोंद म्हणजे एका पेटीचे दिवसाला १,४४० राइट. तेरा पेट्यांचे १८,७२०, चौदावी लावली की २०,१६०, म्हणजे कोट्याबाहेर. दहा मिनिटांची सरासरी पाठवली तर पेटीमागे १४४. शिवाय दिवसाचा एकच डॉक्युमेंट ठेवून त्यात नोंदी वाढवत नेल्या, की राइट तेवढेच राहतात पण दिवसाचा आलेख काढायला १४४ ऐवजी १ रीड लागतो. डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १ एमबी आहे, दिवसाच्या नोंदी तिच्या जवळपासही जात नाहीत.

जुना डेटा आणताना: तयार एक्स्पोर्ट-इम्पोर्टला बिलिंग लागतं. स्पार्कवर ॲडमिन एसडीके या फायरबेसच्या लायब्ररीची छोटी स्क्रिप्ट लिहावी. जुन्या प्रोजेक्टचे रीड आणि नव्याचे राइट दोन्ही मोजले जातात, तेव्हा ४५,००० नोंदी तीन दिवसांत वाटून घ्या. ‘ॲड’ न वापरता जुन्याच आयडीवर ‘सेट’ करा, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच तुटली तरी नोंदी दुप्पट होत नाहीत. कन्सोलमध्ये डेटा उघडून बघत बसलं तरी रीड खर्च होतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

राहिली मिरवणूक. सात नंदीध्वजांचे सात डॉक्युमेंट ठेवले तर खर्च सातपट, म्हणून सातही जागा एकाच डॉक्युमेंटमध्ये. लाइव्ह लिसनरमध्ये, म्हणजे बदल आपोआप पानावर येतो तेव्हा, प्रत्येक बदल प्रत्येक बघणाऱ्यामागे एक रीड असतो. २०० जण, दर मिनिटाला बदल, चार तास: ४८,००० रीड. तीन मिनिटांनी बदल केला तर १६,०००. रिअलटाइम डेटाबेस या फायरबेसच्याच दुसऱ्या डेटाबेसचा विचार झाला, पण स्पार्कवर तिथे एका वेळी १०० जोडण्याच मिळतात. बघणारे पाचशे झाले तर तीन मिनिटांच्या हिशेबानेही ४०,००० जातात, आणि प्रोजेक्ट सामायिक असेल तर ‘रिसोर्स एक्झॉस्टेड’ म्हणत उजनीचं पानही सोबत पडेल. म्हणून मोकळा झालेला एक प्रोजेक्ट या ॲपसाठी राखला आहे. दिवसाचा कोटा पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री नव्याने भरतो. जानेवारीत आपल्याकडे तेव्हा दुपारचे १.३० वाजलेले असतात. सकाळच्या गर्दीचा खर्च एका दिवसावर आणि दुपारनंतरचा दुसऱ्यावर पडतो, हे बदलाचा वेग ठरवताना सोयीचंच आहे.

जुन्या नकाशाचा प्रोजेक्ट तेवढा अजून शट डाउन केलेला नाही. त्याच्या पत्त्याचे क्यूआर छापलेले आहेत आणि तिथे नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावला आहे. प्रोजेक्ट गेला की रीडायरेक्टही जाईल, तेव्हा आधी नवे क्यूआर चिकटवणं आणि मगच तो बंद करणं.