टोचन

काल दुपारी खाली रस्त्यावर एक पोरगा दुसऱ्याच्या बंद पडलेल्या स्कूटरला मागून पाय लावून नेत होता आणि स्कूटरवरचे काका असे ताठ बसलेले की बघणाऱ्याला वाटावं गाडी स्वतःच्याच जोरावर पळतेय. लहानपणी मामाची जीप ट्रॅक्टरला टोचन लावून गावात आणली होती, तेव्हा मामा वेशीपासून घरापर्यंत हॉर्न वाजवत आला. दोर मध्ये तुटला, पोरं हसली, मामाने पोरांना शिव्या घातल्या आणि पुन्हा गाठ मारली.

आता माझी खोड अशी की टोचन दिसलं की मला रशियन विनाशिका आठवतात, घरचे मग विषय बदलतात. पीटर्सबर्गच्या नेव्हस्की कारखान्यातल्या 'बुइनी' वर्गाच्या. जेमतेम ३५० टन, चार धुराडी, वेग २६ नॉट. अशा नऊजणी १९०४ मध्ये जपानशी लढायला निघाल्या, आणि मादागास्करपासून पुढे अख्खा हिंदी महासागर कसा ओलांडला, तर मालवाहू बोटींच्या मागे दोर बांधून! कोळसा वाचावा, इंजिनं झिजू नयेत म्हणून. दोर सारखे तुटायचे, की सगळा ताफा थांबायचा. पळण्यासाठीच बांधलेल्या बोटी, आणि हे असं.

पण जपान्यांशी झालेल्या त्सुशिमाच्या लढाईत त्यातल्या 'बुइनी'ने जे केलं ना. रशियन युद्धनौका 'ओस्ल्याब्या' बुडाली तेव्हा कॅप्टन कोलोमेयत्सेव्हने पाण्यातून दोनशेच्या वर माणसं उचलली, म्हणजे डेकवर पाय ठेवायला जागा नाही, आणि वर तो तसाच खवळलेल्या समुद्रात ताफ्याच्या मुख्य नौकेला, जळत्या 'सुवोरोव्ह'ला जाऊन भिडला आणि डोक्याला जखम झालेल्या ताफ्याच्या प्रमुखाला, अॅडमिरल रोझेस्तवेन्स्कीला उतरवून घेतलं. पुढे कोळसा संपत आला, इंजिन कुरकुरायला लागलं, म्हणून सकाळी साहेबांना नऊजणींतल्याच 'बेदोवी'वर हलवलं. 'बुइनी'ची माणसं काढून घेऊन ती आपल्याच लोकांनी तोफा डागून बुडवली.

आणि 'बेदोवी'? जपानी 'साझानामी' समोर आली तर हिने पांढरं निशाण वर केलं, एकही गोळी न झाडता. सोबतची 'ग्रोझ्नी' लढत लढत व्लादिवोस्तोकला पोचली, आणि ही मात्र पुन्हा टोचन लावून जपानच्या सासेबो बंदराकडे, या वेळी जपान्यांच्या मागे. नंतर जपानी आरमारात नाव बदलून चाकरीही केली.

रशियात खटला चालला. 'बेदोवी'चा कॅप्टन आणि अॅडमिरलचे तीन अधिकारी यांना मृत्युदंड ठोठावला, मग झारने तो माफ करून नुसतं नोकरीतून काढलं. अॅडमिरल निर्दोष. मला कॅप्टनचा रागच येतो, सरळ सांगतो. पण साहेब आत रक्तबंबाळ पडलाय, साहेबाचेच अधिकारी निशाण चढवा म्हणतायत, अशा वेळी "नाही" म्हणणारा मी असतो का, हे मात्र मला कुणी विचारू नये.